ऑर्व्हल पेनरचे मागचे दिवे

पश्चिम कॅन्ससमधल्या त्या जुन्या धावपट्टीवर विमानं उतरायची कधीच बंद झाली. आता शनिवारी तिथे गाड्या पळतात, दोन-दोनच्या जोडीने, सरळ पाव मैल. खाण्याच्या टपरीच्या बाजूला पत्र्याची लांब भिंत आहे. क्लचवरचा नाहीतर ब्रेकवरचा पाय उचलूनच गाडी सोडायची, अशा वर्गात जो तेरा सेकंदांच्या आत पाव मैल कापेल त्याने आपलं नाव त्या भिंतीवर स्वतःच्या हाताने रंगवायचं, असा इथला रिवाज. ऑर्व्हल पेनरचं नाव तिथे होतं. ते पुसलंही त्यानेच.

धान्य वर चढवणाऱ्या मळसूत्रात त्याचा डावा पाय सापडला आणि मांडीपासून गेला. दवाखान्यातून सुटल्यावर माणूस घरी जातो. हा पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन भिंतीकडे गेला.

"अरे, असू दे की नाव," लव्हर्न शॉक म्हणाला. लव्हर्न त्याचा शाळेपासूनचा दोस्त आणि शर्यतीतला तितकाच जुना वैरी.

"क्लच दाबणाऱ्या पायाचं नाव होतं ते. तो पाय राहिला नाही. आता या प्लास्टिकच्या पायाने मिळवीन तेव्हा लिहीन."

मग त्याने आपल्या सत्तर सालच्या शेव्हल गाडीतला क्लचवाला चार गिअरांचा डबा काढला आणि क्लच न लागणारा ऑटोमॅटिक बसवला. याच माणसाने जन्मभर ऑटोमॅटिकवाल्यांची टर उडवली होती. "ही शर्यतीची गाडी? ही तर आजीला चर्चला न्यायची गाडी!" असं तो भर पट्टीवर ओरडायचा. ते आता व्याजासकट परत आलं. शेव्हल परतली की लव्हर्न टोपी काढून विचारायचा, "काय रे, चर्च सुटलं का?"

ऑर्व्हल हसायचा. टोमण्यांनी त्याचं काही बिघडत नव्हतं. त्याला फक्त आपली वेळ हवी होती, आणि ती साडेतेराच्या आसपास ठाण मांडून बसली होती.

दोन हंगाम तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला. मागचं आसन काढलं. जादाचं चाक घरी ठेवलं. मागच्या टायरमधली हवा कमी केली, जास्त केली, पुन्हा कमी केली. कार्बोरेटर इतक्या वेळा उघडला की त्याचे स्क्रू गुळगुळीत झाले. दोन धावांच्या मध्ये इंजिन गार व्हावं म्हणून तो त्यावर बर्फाच्या पिशव्या ठेवायचा आणि लव्हर्न त्या धरून उभा राहायचा, बोटं बधिर होईपर्यंत. गिअर आपोआप पडत असूनही ऑर्व्हल ते दांडा ओढून हाताने पाडायचा. निदान तेवढा तरी ड्रायव्हर आपल्यात उरलाय, असं त्याला वाटायचं. एवढं सगळं करून घड्याळ काही हलेना. गाडी म्हातारी झाली, असं लोक म्हणू लागले. ती म्हातारी झालेली नाही हे ऑर्व्हलला पक्कं ठाऊक होतं, पण ते सिद्ध कसं करणार?

त्या उन्हाळ्यात टपरी त्याच्या थोरल्या बहिणीने, बर्निसने, चालवायला घेतली. बर्निस म्हणजे तोफ. तिच्या बीरॉकसाठी, म्हणजे खिमा-कोबी भरलेल्या गरम पावांसाठी, लोक रांग लावायचे आणि पावाबरोबर तिची बोलणी मुकाट खायचे. वाऱ्याने जुन्या टपरीचं छप्पर नेलं, म्हणून तिने नवी टपरी सुटायच्या रेषेच्या थेट मागे मांडली. पहिल्याच शनिवारी तिने भावाची धाव पाहिली. तो परत आला तसा तिने झारा त्याच्यावर रोखला.

"मेल्या, तू ब्रेक दाबून गाडी का पळवतोस?"

"काय?"

"मागचे लाल दिवे! बाकीच्यांचे हिरवा लागला की विझतात. तुझे पट्टीच्या पार टोकापर्यंत पेटलेले. डोळे फुटलेत का माझे?"

ऑर्व्हलने आपल्या डाव्या पायाकडे पाहिलं. डाव्या पायाने ब्रेक धरायचा, उजव्याने इंजिन चढवायचं आणि रेषेवरच्या खांबावर हिरव्याआधीचा शेवटचा पिवळा दिवा लागला की डावा उचलायचा, ही ऑटोमॅटिक सोडायची रीत. तो उचलत होता. निदान मांडी तरी उचलल्यासारखी वाटत होती. पण खालचं पाऊल प्लास्टिकचं. ते पेडलवर तसंच टेकून राहत होतं आणि त्याची खबर वर येतच नव्हती. दोन हंगाम तो स्वतःच स्वतःला मागे ओढत होता.

त्याने आजूबाजूला पाहिलं. एकालाही आश्चर्य वाटलेलं दिसेना. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते.

"लव्हर्न, तुला माहीत होतं?"

लव्हर्नने टोपी काढली, पण या वेळी थट्टा नव्हती. "सगळ्यांनाच माहीत होतं. तू एवढा राबत होतास... आता पायाबद्दल कोण बोलणार, लेका?"

"बर्फाच्या पिशव्या धरून उभा राहिलास तू! हात गोठवून घेतलेस आणि तोंड उघडलं नाहीस? चर्चवरून टोमणे मारताना बरी जीभ चालायची!"

"तो टोमणा होता. हे वेगळं होतं."

"मला कीव नको होती रे. मला वेळ हवी होती."

तो गाडीत बसला आणि निघून गेला. पाय गेला तेव्हाही त्याला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. प्रार्थनेनंतर त्याने बर्निसला अंगणात शेव्हलच्या मागे खुर्ची टाकून बसवलं. तो ब्रेक दाबायचा, मांडी उचलायचा आणि ती ओरडायची, "लाल!" पुन्हा. "लाल!" पुन्हा. "अजून लालच रे बाबा!" कितीही जोर लावला तरी ते पाऊल हटेना. बटण दाबून चाकं धरायची कळ बाजारात मिळते, पण या वर्गात ती चालत नाही, आणि भिंत याच वर्गाची.

असे बरेच रविवार गेले. एकदा तो हताश होऊन स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. पायरीवर कुत्र्याला फिरवायचा लांब चामडी पट्टा पडला होता. ऑर्व्हलने त्याच्याकडे पाहिलं, मग आपल्या उजव्या हाताकडे. या हाताला काम काय होतं? ऐट म्हणून गिअर पाडणं. तेवढं तर गाडी आपसूक करते.

त्याने पट्टा घोट्याला बांधला आणि दुसरं टोक मुठीत धरून वर खेचलं.

"विझले!" बर्निस खुर्चीतून उठलीच. "विझले, विझले!"

पट्टा सोडला की पाऊल पुन्हा पेडलवर यायचं. म्हणजे शेवटच्या रेषेपर्यंत तो ओढूनच धरायला हवा, आणि गिअरच्या दांड्याला हात लावायचा नाही. ती ऐट सोडणं ऑर्व्हलला जड गेलं. पण सोडली. गिअर आपोआप जरा उशिरा पडावेत म्हणून त्याने आतली स्प्रिंग बदलली आणि अंगणात रोज संध्याकाळी पट्टा ओढत बसला. कुत्रं बिचारं दोरीने बांधलेलं ते सगळं बघत असायचं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी तपासनीसाने गाडीत डोकं घालून पट्टा पाहिला. "हे काय?"

"पाय उचलायचा पट्टा."

"नियमात असं काही नाही."

"मग नियमाविरुद्धही नाही."

तपासनीसाने बराच वेळ गाल खाजवला. "पाय काही गाडीचा भाग नाही म्हणा," असं पुटपुटत त्याने सही केली.

पहिल्या धावेला ऑर्व्हलने इंजिन फार चढवलं. पट्टा ओढताच चाकं जागीच गरगरली आणि वेळ वाया गेली. पुढच्या खेपेला रेषेवर आला तेव्हा त्याचा तळहात घामाने ओला झाला होता. त्याने तो विजारीला पुसला, पट्ट्याचा एक वेढा मुठीला घेतला, ब्रेक धरला आणि या वेळी इंजिन बेताने चढवलं. शेवटचा पिवळा लागला. त्याने खेचलं.

शेव्हलने त्याला आसनात दाबलं. अशी ती जुना पाय असताना दाबायची. पहिला गिअर किंचाळत राहिला. सवयीने हात दांड्याकडे जायला बघत होता. "नाही!" तो स्वतःवरच ओरडला. दुसरा आपोआप पडला, मग तिसरा. रेषा मागे गेली तेव्हा त्याने पट्टा सोडला आणि उजव्या पायाने गाडी थांबवली.

परतीच्या वाटेवरच्या खिडकीतून त्याला वेळेची चिठ्ठी मिळाली. ती घडी घालून त्याने खिशात टाकली आणि आधी टपरीशी गाडी उभी केली.

"दिवे?"

"हिरव्याबरोबर विझले," बर्निस म्हणाली. तिने तोंड फिरवून तव्यात उगाचच काहीतरी हलवलं. "वेळ काय?"

मग त्याने चिठ्ठी उघडली. बारा पूर्णांक सत्त्याण्णव.

शिडी लव्हर्नने आणली. दोघे दोन महिने बोलले नव्हते. "दे तो ब्रश," तो हलक्या आवाजात म्हणाला. "त्या पायाने शिडीवर नको. मी लिहितो."

"लिहिणार मीच. तू शिडी धर." ऑर्व्हल एकेक पायरी चढला, डावा पाय मागून ओढून घेत. जिथे त्याने पांढरा रंग फासला होता तिथेच ब्रश टेकवला. "आणि लव्हर्न, वाकडं झालं तर तोंडावर सांगायचं."

पहिली दोन अक्षरं झाली. खाली शिडी घट्ट धरून लव्हर्नने मान तिरकी केली.

"वाकडं होतंय," तो म्हणाला.

"हां," ऑर्व्हल म्हणाला. त्याने बाहीने ती अक्षरं पुसली आणि पुन्हा सुरुवात केली.