वरातीच्या पुढची बाई

लालबागची सुभद्रा पारकर लग्नाच्या वरातीत आपली चंद्री घोडी स्वतः चालवते. नवरा वारल्यावर घोडी विकून टाक म्हणून सगळ्यांनी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पुढच्याच आठवड्यात लगाम हातात धरला.

परवा परळला नवरदेव घोडीवर बसला, बॅन्ड सुरू झाला आणि नवरदेवाची आत्या आडवी आली. "शुभकार्यात विधवा बाई पुढे नको. लगाम दुसऱ्या कोणाला द्या."

सुभद्राने वाद घातला नाही. अशी एखादी आत्या तिला दर लग्नसराईत भेटतेच. नवरदेवाच्या मामाच्या हातात लगाम देऊन ती फुटपाथवर जाऊन उभी राहिली. मामाने ओढलं, चुचकारलं, गूळ दिला. चंद्रीने गूळ खाल्ला, पण जागची हलली नाही. बॅन्डवाल्यांनी तेच गाणं तिसऱ्यांदा वाजवलं.

आत्या घड्याळ बघत सुभद्राकडे आली. "अहो, चालवा ना तिला."

"मुहूर्त टळला तर मोठा अपशकुन, की मी पुढे चालले तर?" सुभद्राने विचारलं. "तेवढं सगळ्यांसमोर सांगा."

आत्या पुटपुटली, "मुहूर्त टळला तर."

सुभद्राने हात वर करून बॅन्ड थांबवला. "आता परत सांगा."