वायरमनची लेक अंधाराला भिडते

आमचे हे वायरमन. अख्ख्या वस्तीत कुणाचा पंखा अडला, कुणाच्या बोर्डातून ठिणग्या उडाल्या, की यांनाच हाक. आणि यांच्याच पाच वर्षांच्या लेकीला, आमच्या ठकीला, अंधाराची भीती! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मला नववा लागलेला. माझा हात घट्ट धरल्याशिवाय पोरगी डोळा मिटत नव्हती. मी बाळंतपणाला दवाखान्यात गेल्यावर हिचं कसं व्हायचं, या काळजीनं माझा जीव टांगणीला लागला होता.

यांनी काय करावं? रोज एक नवा दिवा! उशाशी एक, पलंगाखाली एक, कपाटावर निळा. "घर आहे की दिव्यांचं दुकान?" मी कडाडले. पण हा माणूस ऐकेल तर शपथ! एका रात्री त्या निळ्या दिव्यानं खुंटीवरच्या शर्टाची ही एवढी सावली भिंतीवर पाडली आणि पोरीनं घर डोक्यावर घेतलं. जितके दिवे तितक्या सावल्या, हे वायरमनला कळू नये? यांचं तोंड अगदी बघण्यासारखं झालं.

रविवारी दुपारी यांनी सगळे दिवे उतरवले, खिडक्यांवर गोधड्या टांगल्या आणि लेकीला म्हणाले, "आम्ही कामाला हात घालण्याआधी मेन स्विच बंद करतो. मग अंधारात सगळं हातानं ओळखायचं. जमेल?"

"तू जवळ बस पण, बाबा."

मी दाराबाहेर कान लावून उभी. आधी कुरकुर ऐकू आली. मग "पक्कड!", "टेस्टर!" अशी उत्तरं यायला लागली. शेवटी यांनी तिला खुंटीपाशी नेलं. मी दाराच्या कडीला हात घातला. आणि मग खिदळणं, "शी! हा तर बाबाचा शर्ट! घामाचा वास येतोय!"

त्या दिवसापासून झोपताना दिवा तीच बंद करायची. हे मात्र पलंगाशी बसून राहायचे, ती झोपेपर्यंत.

एका संध्याकाळी मला कळा सुरू झाल्या. माझी ताई मला दवाखान्यात घेऊन आली, हे लेकीपाशी थांबले. माझं सगळं लक्ष घरी. तेवढ्यात यांचा फोन आला, आवाज घोगरा.

"रडतेय का हो?"

"मीच रडतोय," हे म्हणाले. "दिवा बंद करून मला म्हणते, बाबा, तू बाहेर बस, मला झोप येतेय. आणि झोपलीसुद्धा!"

"शाब्बास गं माझी वाघीण!" मी एवढ्यानं ओरडले की नर्स दचकली. तिला म्हटलं, "लेकीनं तिचं काम फत्ते केलं बाई, आता माझी पाळी. चला!"