सहावं फूल

लाटवियाच्या सहलीचा शेवटचा दिवस. आम्ही सहा जणांनी गाइडबाईंना ट्यूलिपची सहा फुलं दिली, माणशी एक. बाईंनी हसत त्यातलं एक काढून माझ्या हातात परत ठेवलं.

"जिवंत माणसाला पाच द्या, सात द्या," त्या म्हणाल्या. "जोडीची फुलं आम्ही फक्त थडग्यावर वाहतो."

आपल्याकडे तर पूजेलासुद्धा जोडीनं बसायचं.

बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामीच होती. ही सहल बायकोनंच आम्हा दोघांसाठी ठरवली होती. निघायच्या दोन महिने आधी ती गेली. मी ते फूल तिच्या जागेवर ठेवलं. एकटंच. म्हणजे इथल्या रीतीनं जिवंत माणसाचं.

फुलवाली समोरच होती, बस सुटायलाही वेळ होता. दुसरं फूल आणायला मी काही उठलो नाही.