काजळीतलं वर्तुळ

ती केस आजही आठवते, आणि आठवते ती काउंटरवरच्या ताटलीएवढ्या एका वर्तुळामुळे. महाराष्ट्र पोलिसांत बत्तीस वर्षं काढून मी निरीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि मुलीकडे बहारीनला आलो. घरी बसून जावयाच्या डोक्यावर मिरे वाटण्यापेक्षा काहीतरी करावं म्हणून विम्याच्या दाव्यांची चौकशी करणाऱ्या एका ऑफिसात रीतसर व्हिसा घेऊन नोकरी धरली. अंगावर वर्दी नव्हती, स्वभाव मात्र तोच होता. समोरचा खोटं बोलतोय असं धरूनच मी खुर्चीत बसत असे.

बुसैतीनमधल्या एका व्हेपच्या, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या सिगारेटींच्या दुकानात शुक्रवारी दुपारी, जुम्म्याच्या नमाजाच्या वेळी आग लागली. मालक खेडकडचा कोकणी मुसलमान, चाळिशीचा. अग्निशामक दलाची गाडी पोहोचली तेव्हा आग विझलेली होती. चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांच्या ट्रेमधून ती सुरू झाली, एवढं त्यांनी लिहून दिलं. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला काही इजा झाली नाही, पण धुरानं आणि आग विझवायच्या पावडरीनं दुकानातला माल वाया गेला.

दोन दिवसांनी ऑफिसात फोन आला. नाव न सांगता एक जण हिंदीत म्हणाला, “उसका माल बिकता नहीं था, पड़ा था, साहब. खुद ही लगाया होगा.” असे फोन मी नोकरीत पुष्कळ घेतले आहेत. त्यांत थोडी माहिती असते आणि बराचसा मत्सर. तरीही फाइल उघडावीच लागते.

पॉलिसीत एक अट होती. दुकानात माणूस नसताना एकही बॅटरी चार्जिंगला राहता कामा नये. मालकानं जबाबात काय लिहिलं होतं, तर दुकान बंद करून मी नमाजाला गेलो होतो. म्हणजे आपला दावा त्यानं आपल्याच हातानं बुडवला होता. मला हे खटकलं, कारण पैशासाठी आग लावणारा माणूस आधी पॉलिसी नीट वाचतो.

मी त्याला त्या काळ्या पडलेल्या दुकानातच स्टुलावर बसवलं.

“आलात तेव्हा काय दिसलं?”

“धूर, साहेब. शटर उघडला, आत गेलो, विझवला. खलास.”

“कशानं?”

त्यानं कोपऱ्यातल्या लाल सिलिंडरकडे बोट दाखवलं. दाराजवळ दुसरा, न वापरलेला सिलिंडर टांगलेला होता. तो उतरवून मी त्याच्या हातात दिला आणि कसा चालवलात ते दाखवा म्हटलं. त्यानं तो दोनदा फिरवून बघितला, मूठ दाबली, पुन्हा दाबली. पिन तशीच अडकलेली होती. ती काढायची असते हे त्याच्या गावीही नव्हतं.

“तवा घाईत कसा जमला, अल्लाला म्हाईत,” तो म्हणाला.

वापरलेल्या सिलिंडरची पिन पेनांच्या डब्यात नीट ठेवलेली होती. मेन स्विच बंद केलेला होता. जळका ट्रे मागच्या दाराबाहेर वाळूच्या बादलीत पुरलेला होता. घाबरलेला दुकानदार हाताला येईल ते आगीवर फेकतो, नाहीतर पळत सुटतो. आधी वीज तोडायची, मग पावडर मारायची आणि शेवटी बॅटरी वाळूत पुरायची, हे कुणीतरी शिकवल्याशिवाय हातून होत नाही.

मग मी काउंटर बघितला. सगळीकडे काजळी होती, फक्त मधोमध एक स्वच्छ गोल आणि त्याला लागून दुसरा तेवढाच. धूर पसरला तेव्हा तिथे डबा होता, शेजारी त्याचं झाकण, आणि दोन्ही नंतर कुणीतरी उचललं होतं.

“इथं कोण जेवत होतं?” मी विचारलं.

त्याचा चेहरा पडला. “कोणी नाय, साहेब.”

“मग आग तुम्हीच लावलीत असं मी लिहितो.” हे लिहिण्याइतका पुरावा माझ्याकडे नव्हता. ती जुनी सवय बोलत होती.

त्यानं हातातला सिलिंडर खाली ठेवला. “लिवा,” तो शेवटी म्हणाला. “क्लेम मफी, नकोच मला. पण त्यात दुसऱ्या कोणाचा नाव नको.”

त्याचा व्हिसा त्या दुकानावर होता आणि मुलगी इथल्याच शाळेत होती, हे मी कागदांत वाचलं होतं. स्वतःचं वाटोळं करून घेण्यासाठी खोटं बोलणारा माणूस माझ्यासमोर पहिल्यांदाच बसला होता. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात एक माणूस आला. उजव्या हाताला पट्टी बांधलेली होती.

“जय भीम, साहेब. दुकानमालकाच्या घरून, वहिनींकडून कळलं, म्हणून आलो. तो डबा मी खात होतो.”

तो त्याच तालुक्यातला, अस्करकडच्या एका कारखान्यात टेक्निशियन. आग विझवण्याचा सराव तिथे नेमानं होई. शुक्रवारी त्याला सुट्टी असायची. मालक नमाजाला गेला की हा दुकानात बसायचा आणि मालकाच्या घरून आलेला डबा खायचा. बरीच वर्षं हे चाललं होतं.

“विक्री करायचात?”

“नाही. गिऱ्हाईक आलं तर सांगायचो, बसा, येतील ते.”

“पगार?”

त्याला हसू आलं. “माशाचं कालवण, साहेब.”

आग विझल्यावर बाहेर गर्दी जमू लागली. तेवढ्यात मालक पळत आला आणि त्यानं याला मागच्या दारानं घालवून दिलं. याचा व्हिसा कारखान्याचा. दुसऱ्याच्या काउंटरमागे सापडला, तर कामच करत होता असं धरलं जाईल आणि घरी पाठवतील, ही भीती.

मी मालकाला बोलावून घेतलं. मित्राला बघताच तो भडकला. “तू कशाला आलास? मी बोललो होतो ना, तोंड उघडू नको!”

“आणि तुझं दुकान? पोरीची शाळा?”

“ते माजा मी बघीन!”

एकमेकांवर ढकलणारे आरोपी मी आयुष्यभर बघितले. इथे दोघं आळ आपल्याकडे ओढत होते, आणि मला माझ्या कालच्या धमकीची लाज वाटली.

मी मित्राला स्पष्ट सांगितलं, “जबाबावर तुमच्या ओळखपत्राचा नंबर जाईल. कागद पुढे कुठे फिरेल ते माझ्या हातात नाही.” त्यानं पेन डाव्या हातात घेतलं आणि वाकडीतिकडी सही केली.

जे घडलं तेच मी अहवालात लिहिलं. दुकानात माणूस हजर होता, अट मोडलेली नाही, तो मित्र म्हणून बसला होता. दावा मंजूर झाला. मित्राला त्याच्या कंपनीनं बोलावलं आणि पुन्हा त्या दुकानात बसणार नाही असं लिहून घेऊन सोडलं.

खोटं पकडणं मला चांगलं जमत होतं. खोटं बोलून याला मिळणार काय, एवढंच मी बत्तीस वर्षं शोधत आलो. हा कुणाला वाचवतोय, असं विचारायचं मला कधी सुचलं नाही. नोकरीत असताना हे सुचलं असतं, तर काही जबाब मी वेगळे घेतले असते. ते लोक आज कुठे असतील, कोण जाणे.

काही आठवड्यांनी शुक्रवारी दुपारी मी तिथून जात होतो. दुकान नवं रंगवलेलं होतं. दाराला कुलूप होतं आणि काचेतून काउंटरवर काढून ठेवलेले चार्जरचे प्लग दिसत होते. समोरच्या पार्किंगमध्ये मित्र आपल्या गाडीत बसला होता. मांडीवर डबा, नजर दुकानाकडे.

मी काचेवर टकटक केली. “आत नाही बसत?”

“लिहून दिलंय ना, साहेब.”

त्यानं पलीकडचं दार उघडलं आणि भात-कालवण झाकणात काढून माझ्यापुढे धरलं. मालक नमाजाहून येईपर्यंत आम्ही दोघं दुकानावर नजर ठेवून जेवलो.