मेलबर्नहून यायला चार दिवस

नागपूरजवळच्या मौद्याच्या प्रयागबाईंचा कोणावर चटकन विश्वास बसत नसे. दूधवाल्याचं माप, मिरची तोलणाऱ्याचा काटा, डॉक्टरची गोळी, सगळं त्या पारखून घेत. नवरा गेल्यावर एकटीनं धान-मिरचीची शेती सांभाळली, मुलाला इंजिनियर केलं, ते या स्वभावाच्या जोरावरच, असं त्यांचं म्हणणं.

तो मुलगा, सुशील, मेलबर्नला नोकरीला. सून रितिकाला रजा मिळत नसे, म्हणून दर वर्षी एकटाच यायचा आणि तिथून निघाल्यावर चौथ्या दिवशी घरी पोचायचा. लांब आहे माय, म्हणायचा. यंदा पुतण्या दुर्गेशनं मोबाइलवर पाहून सांगितलं, की अंतर दहा हजार किलोमीटरच्या आसपास. दिल्लीत विमान बदललं तरी माणूस एका दिवसात नागपुरात येतो.

प्रयागबाईंच्या डोक्यात किडा वळवळला. मग बाकीचे दिवस जातात कुठं? रितिकाचं माहेर चंद्रपूरचं. आधी सासुरवाडीचा पाहुणचार, उरलंसुरलं आईला, हे त्यांनी मनाशी पक्कंच केलं.

दुपारी दिल्लीच्या विमानानं येतो, असं सुशीलनं कळवलं होतं. त्या न सांगता दुर्गेशच्या गाडीनं विमानतळावर जाऊन उभ्या राहिल्या. विमान उतरलं, माणसं पांगली, सुशील नव्हता. फोन लावला, तर म्हणाला, आताच उतरलो. मागून चायवाल्याची आरोळी आणि रुळांचा खडखडाट येत होता. प्रयागबाईंनी फोन ठेवला आणि गाडी रेल्वे स्टेशनकडे घ्यायला लावली.

चेन्नईची गाडी चंद्रपूरवरूनच येते. तिच्यातूनच सुशील उतरला.

"सासऱ्यानं सोडून देलं का गाडीवर?" त्यांनी विचारलं.

सुशील बाकावर बसला आणि खरं काय ते सांगून टाकलं. तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा मेलबर्नला जाताना समुद्रावर विमान एकदम खाली गेलं होतं. तेव्हापासून विमानाचं दार लागलं की त्याचा जीव घुसमटायचा. दिल्लीपर्यंत बारा तास सलग बसणं होत नव्हतं. म्हणून सिंगापूरला उतरून मुक्काम, मग चेन्नई, तिथून रेल्वे.

"मंग मले सांगितलं काहून नाही?"

"तू येऊच नको म्हणाली असती, माय."

म्हणाल्या असत्याच. तरी शंका जाईना. घरी आल्यावर त्यांनी व्याह्यांना फोन करून आडून आडून चौकशी केली. तिकडूनच तक्रार आली, की जावई कित्येक दिवसांत फिरकलेच नाहीत. फोन ठेवून प्रयागबाई अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या उगाच खालीवर करत बसल्या.

सुशील परत निघाला तेव्हा त्यांनी स्वतःचं आणि दुर्गेशचंही चेन्नईचं तिकीट काढायला लावलं. नागपूरपलीकडे त्या कधी गेल्या नव्हत्या. रेल्वेत शेजारच्या प्रवाशानं दिलेलं बिस्किट त्यांनी मुलाला खाऊ दिलं नाही. विमानतळाच्या दारात त्याचा हात धरला, तो घामानं ओला होता.

"तू सिंगापूरले उतरत नाही तोवर मी इथून हालत नाही गा," त्या म्हणाल्या.

दुर्गेशनं हॉटेलवर चला म्हणून किती विनवलं, पण त्या बाहेरच्या बाकावरून उठल्या नाहीत. सिंगापूरहून फोन आला तेव्हाच त्यांनी पाण्याचा घोट घेतला, आणि त्याचं पुढचं विमान कधी आहे ते विचारलं.