गणिताच्या सरांसोबत उभे राहिलो तो शनिवार

आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, माधव नगरातल्या एका खासगी शाळेत मी अकरा वर्षं हिंदी शिकवलं. शेवटी शेवटी ज्या प्राचार्या आल्या, त्या दर शनिवारी शाळा सुटल्यावर मीटिंग घ्यायच्या. मीटिंग म्हणजे कुणाला तरी सगळ्यांसमोर उभं करून झाडायचं. बाकीचे आम्ही डायरीत डोकं घालून बसायचो. आज आपण सुटलो, एवढंच मनात यायचं.

एका शनिवारी पाळी आली आमच्या गणिताच्या सरांची. निवृत्तीला आलेले, गुडघे पार गेलेले. वह्या तपासायला दोन दिवस उशीर झाला होता.

"खड़े रहिए, मीटिंग ख़त्म होने तक," प्राचार्या म्हणाल्या. सर टेबलाला हात टेकून उभे राहिले. "टेबल छोड़िए."

माझ्या शेजारी संस्कृतच्या बाई होत्या. माझ्या आणि सरांसारख्याच मराठी, एरवी कुणाच्या अध्यातमध्यात नसणाऱ्या. त्या उठून उभ्या राहिल्या. मग पीटीचे सर उठले, मग मागची रांग. मी उठले ती जवळजवळ शेवटी, आणि तीही बसून राहायची लाज वाटली म्हणून.

"ये क्या नाटक है? बैठ जाइए सब."

"सर बैठेंगे तो हम भी बैठ जाएँगे, मैडम," संस्कृतच्या बाई म्हणाल्या.

प्राचार्यांनी कागद उचलला आणि मीटिंग पुढे चालू केली. पाऊण तास आम्ही बावीस जण उभे. पाठ भरून आली. सर हळूच म्हणाले, "ताई, बसा हो तुम्ही लोक. माझ्यापायी कशाला?" बाई उभ्याच राहिल्या.

त्यानंतर कुणाला उभं केलं नाही. पण नोटिसा सुरू झाल्या, एकेकाला वेगवेगळ्या. संस्कृतच्या बाईंना महिन्यात तीन. सुरुवातीला उत्तरं आम्ही सगळे मिळून लिहायचो, सुट्टीनंतर थांबून. मग कुणाची बस असायची, कुणाचं मूल आजारी. थांबणारे चार उरले, मग बाई आणि मी, दोघीच.

सरांनी वर्षाअखेरीस आपणहून शाळा सोडली. पुढच्या उन्हाळ्यात मीही राजीनामा दिला. प्राचार्यांनी कारण विचारलं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण तेव्हा रागसुद्धा शिल्लक नव्हता. "घरचं आहे," म्हणाले आणि बाहेर आले.