एक हात, एक पाय

धम्मपाल दोन शुक्रवार अकिबकडे गेला नव्हता, आणि त्याच्या आईला, ज्योत्स्नाला, घास गोड लागत नव्हता.

वडीगोद्रीत हायवेला लागून अकिबच्या घरचं पंक्चरचं दुकान. शुक्रवारी नमाजेनंतर ते उघडत नाही. मग दुकानामागच्या घरात अकिब, त्याची बहीण मदीहा आणि धम्मपाल खेळायला बसत. खेळ तरी कसला! कुणाच्या तरी वाढदिवसाचा जुना फ्लेक्स उलटा पसरायचा आणि त्याच्या पांढऱ्या पाठीवर डोंगर, नदी, किल्ला काढायचा. अकिब गोष्ट सांगणार, बाकीचे आपापला एक माणूस घेऊन त्या गोष्टीत शिरणार. माणसं म्हणजे बाटल्यांची बुचं, दरोडेखोर म्हणजे ट्रकच्या चाकाचे नट. एखादी चाल जमली की फसली हे ठरवायला वीस बाजूंचा फासा टाकायचा. ज्योत्स्ना बी.ए. झालेली, अंगणवाडीतल्या पोरांना रोज गोष्टी सांगणारी. पण नोकरी करणारी माणसं असं का खेळतात, हे तिला कधी उमगलं नाही. तिकडून येताना तो शीळ घालतो, एवढं मात्र तिला ऐकू येत होतं. म्हणून तिनं कधी अडवलं नाही.

धम्मपालचा डावा हात अधू. जन्मताना खांद्याची शीर ओढली गेली, तेव्हापासून तो नुसता लोंबतो, मूठ वळत नाही. परीक्षेला जादा वेळ, एसटीची सवलत, अपंगत्वाचा दाखला, सगळं तिनं रांगा लावून मिळवलं. आता तो सेवा केंद्रात लोकांचे अर्ज भरतो. एका हातानं असा टाइप करतो की म्हाताऱ्या बघत राहतात, “कसं गं बाई करतंय लेकरू!” म्हणतात. तसं म्हटलं की तो पाणी प्यायला उठतो. हेही तिला कोडंच.

“भांडलास का अकिबशी?”

“न्हाई.”

“मंग त्यानं हात उगारला का?”

“उगारला असता तर बरं झालं असतं, आई.”

या उत्तरानं तिची झोप उडाली. मार खाल्ला असता तर बरं, असं कोण म्हणतं?

तिसऱ्या शुक्रवारी धम्मपाल कामावरून येऊन आंघोळीला गेलेला पाहून तिनं पिशवीत मोसंबी भरली आणि अकिबचं घर गाठलं. अकिबची आई शकीला चहा टाकायला आत गेली. फ्लेक्स अंथरलेला होता, पण बुचं एका कोपऱ्यात पडून होती.

“काकू, मी काय केलं ते मलाच कळून न्हाई राह्यलं,” अकिब म्हणाला. “आमच्या खेळात विनाहत्यार धरपकडीचे नियम लई किचकट. मी म्हटलं, घरचाच नियम करू. समोरच्याला पकडून ठेवायचं तर दोन्ही हात मोकळे पाहिजेत. सोपं. पण धम्मपालचा माणूस एकहाती. त्यानंच तसा बनवलेला. तो दरोडेखोराला धरायला गेला, तर मी म्हटलं, चल, तुला चालतंय. उलट सूट दिली मी!”

“मंग?”

“मंग तो उठला आन् गेला.”

“तेवढीच सूट चालू ठेव ना रे बाबा,” ज्योत्स्ना म्हणाली. “वाटल्यास त्याला सांगूच नको.”

मदीहानं कपाळाला हात लावला. “काकू, तुम्ही आल्याचं मी त्याला फोनवर कळवलं. तो बघा आला.”

दारात धम्मपाल उभा होता. केस ओलेच.

“आई, तू माझ्यासाठी रेवडी मागायला आल्ती?”

ज्योत्स्ना गोंधळली. मग तिला आठवली तो लहान असतानाची जत्रा. लहान पोरांच्या रेवडीच्या कुस्त्या लागल्या होत्या. जिंकेल त्याला मूठभर रेवड्या. धम्मपालही शर्ट काढून आखाड्यात उतरला. पंचांनी त्याचा हात पाहिला, जोड लावलीच नाही. ओंजळभर रेवड्या त्याच्या उजव्या हातात ओतल्या, “जिंकला रे जिंकला,” म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तीही वाजवत होती. रेवड्या खिडकीत तशाच राहिल्या, शेवटी मुंग्यांनी नेल्या. पोराला गोड आवडत नसेल, असं तिला वाटलं होतं.

“मंग तूच सांग नियम,” अकिब चिडून म्हणाला. “दोन हात न्हाईत, सूटबी नको. धरशील कशानं?”

धम्मपाल फ्लेक्सजवळ बसला. कोपऱ्यातलं आपलं बूच आणि दरोडेखोराचा नट त्यानं मधोमध मांडला. “एक हात, एक पाय. पायानं अडकवायचं, हातानं ओढायचं. कुणालाबी चालेल. पण एकाच पायावर उभा हाये, म्हणून डाव हुकला तर मीच खाली पडणार.”

“पडशील.”

“पडू दे.”

अकिबनं फासा उचलला आणि परत ठेवला. “मी टाकला आन् तू जिंकला, तर म्हणशील, सोडलं. दरोडेखोराचा फासा काकू टाकतील.”

“मी?” ज्योत्स्ना मागे सरकली. “मला न्हाई येत बाबा.”

“टाकायचाय फक्त. ज्याचा मोठा आकडा त्याचा डाव.”

धम्मपालनं फासा टाकला. नऊ. मग तिनं दोन्ही हातांच्या ओंजळीतून टाकला, देवासमोर फूल वाहावं तसा. सतरा.

आत शकीलाच्या कपबशा वाजत होत्या. ज्योत्स्नाचं बोट फाशाकडे गेलं. हलकेच कलंडवला तर? नाहीतर म्हणावं, चुकून पडला, पुन्हा टाकते. आयुष्यभर तिनं हेच तर केलं होतं.

तिनं वर पाहिलं. धम्मपाल तिच्या चेहऱ्याकडे नाही, तिच्या बोटाकडे बघत होता.

तिनं नट उचलला आणि त्याच्या बुचावर ठेवला. चांगला जड होता.

“पडलास,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला.

आणि धम्मपाल हसला. हरलेला माणूस असा का हसतो, तिला काही केल्या कळेना.

“सोडू का आता?” नटावरचं बोट न काढता तिनं विचारलं.

“सोडू नको, आई. दाबून धर,” तो फासा घोळवत म्हणाला. “आता माझी पाळी. खालून.”